दोनशे बारा

ताइस्तो हाल्तियाने बोर्डिंग पासांची अर्धुकं
राईच्या पावाच्या डब्यात जपून ठेवली आहेत,
कारण दुसऱ्याच्या जमाखर्चावर त्याचा भरवसा नाही.
सात मार्च, हेलसिंकी ते बँकॉक:
तिकिटावर नंबर घरच्या कंपनीचा,
विमानाच्या शेपटीवर परका पक्षी.
कंपनी कळवते, या प्रवासाचे गुण शून्य,
आपल्या भाड्याचं अक्षर क्यू आहे.
तो उलट लिहितो, मी क्यू नाही,
मी एकसष्ट वर्षांचा आहे, माझ्या तंगड्या लांब आहेत
आणि अकरा तास मी मधल्या खुर्चीत होतो.

अक्षर बदलत नाही.

मग तो नियम शिकला,
तरुणपणी रोलरच्या बेअरिंगचा आवाज शिकला होता तसा,
कान लावून.
उडवणारा एक, विकणारा दुसरा,
गुण मोजणारा भलताच तिसरा.
तेच विमान, तीच खुर्ची, तोच गार पाव;
या नंबराने बसलास तर अख्खं अंतर तुझं,
त्या नंबराने बसलास तर चौथाई.
मार्केट्टा म्हणाली, हे तर तुझ्या आईसारखं झालं.
सूप मी करायचं
आणि ती जमा करायची थोरल्या सुनेच्या नावावर.

सुराबायापलीकडे ऊन असं, की पान्याला हात लागत नाही.
तिथे तीन नंबरचं मशीन उभं राहतंय,
त्यांच्याच गावच्या कागद गिरणीतलं.
त्याच्या पुढ्यात बसून बत्तीस वर्षं त्याने डबा खाल्ला.
गिरणीला कुलूप लागलं तेव्हा ते सुटं करून
चारशे खोक्यांत भरलं,
खोक्यांवर आकडे यानेच घातले,
आता जोडायलाही हाच.
मशीनवर नवी पितळी पाटी, नव्या मालकाच्या नावाची.
वाह्युदी नावाचा पोरगा विचारतो, हे मूळचं कुठलं?
ताइस्तो गुडघ्यावर बसतो, कण्हतो,
पोराला गिअरबॉक्सच्या पोटाखाली डोकं घालायला लावतो.
तिथे खिळ्याने कोरलेलं: टी. एच.
आणि खाली एक साल, पोराच्या जन्माआधीचं.
वाह्युदी ते अंगठ्याने पुसून बघतो.
पुसलं जात नाही.

पाचवी खेप शेवटची. मशीन चाललं, कागद निघाला,
आणि सोनेरी कार्डाला कमी पडले दोनशे बारा.
एकतीस डिसेंबरच्या रात्री खातं पुन्हा शून्यावर येणार.
सोडून दे, मार्केट्टा म्हणाली.
एकोणतीसला तो रीगाला गेला,
तिसऱ्याच कुणाच्या पंख्याच्या विमानाने,
पण नंबर बरोबर बघून.
रीगाच्या विमानतळावर वाटाण्याचं सूप प्यायला,
तासाभराने त्याच विमानात परत चढला.
दारातल्या हवाई सुंदरीने ओळखलं.
काही विसरलात का?
हो, तो म्हणाला, दोनशे बारा.
ती हसली नाही. तिने त्याला दोन चॉकलेटं दिली;
बहुधा तिच्या घरीही असा एक माणूस असावा.

कार्ड फेब्रुवारीत आलं, जाड लिफाफ्यातून.
दोन बॅगा जास्त. रांगेत पुढे.
आरामकक्षात एक पाहुणा सोबत नेता येईल.
जानेवारीतच त्याची निवृत्ती झाली होती.

आज उणे सत्तावीस.
गाडीच्या काचेवर बर्फाची साय धरलीय,
खरवडणी सापडत नाही.
तो खिशातून कार्ड काढतो,
कोपऱ्यापासून सुरुवात करतो.
खिडकीतून मार्केट्टा ओरडते, कसं आहे रे?
चांगलं आहे, तो म्हणतो, वाकत नाही.
तिच्या बाजूची काच
तो आधी साफ करतो.